अर्धा श्वास आधी

माझ्या वह्या न्यायला विद्यापीठातून तिघं आले आणि दारातच त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढून हातांत चढवले. मला हसू आवरेना. ज्या वह्यांवर मी तीस वर्षं चहा सांडला, ज्यांची पानं बोटाला थुंकी लावून उलटली, त्यांना आता ही मंडळी तान्ह्या बाळासारखं दोन्ही हातांनी उचलत होती. म्हटलं, उचला. एवढा मान त्यांना पहिल्यांदाच मिळतोय.

तिघांपैकी एक नाट्यविभागाचे सर, एक जीवशास्त्राच्या बाई आणि एक विद्यापीठाच्याच इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टर. एरवी हे लोक एकमेकांच्या इमारतीत पाऊलही टाकत नसतील, पण त्यांचं तिघांचं मिळून एक संशोधन चाललं होतं. विसरण्याचा आजार माणूस डॉक्टरकडे जायच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. मग तो त्याच्या रोजच्या कामात कुठे दिसतो का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी कायकाय गोळा केलं होतं! एका गायिकेची जुनी ध्वनिमुद्रणं, एका चित्रकाराच्या चित्रवह्या, एका शिक्षिकेच्या बावीस वर्षांच्या टाचणवह्या. आता त्यांना एक नट हवा होता. तो नट म्हणजे माझा दादा. आणि वह्या माझ्या, कारण मी त्याची प्रॉम्प्टर.

प्रॉम्प्टर म्हणजे काय ते नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून पटत नाही. उजव्या विंगेत एक स्टूल, एक झाकलेला दिवा आणि मांडीवर नाटकाची वही. नट अडला की शब्द द्यायचा, त्याला ऐकू जाईल पण पहिल्या रांगेला जाणार नाही इतक्याच आवाजात. दादा मला घूस म्हणायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून कागद कुरतडते म्हणून. सगळ्या नाटक कंपनीसमोर हाक मारायचा, "घुशे, जिवंत आहेस ना?" मी स्टुलावरूनच सांगायची, "तुझी वाक्यं संपेपर्यंत तरी आहे."

वहीत माझ्या खुणा असत. नट अडला आणि मी शब्द दिला की त्या शब्दाखाली रेघ. वाक्य गाळलं की कंस. भलताच शब्द घेतला की वर फुली. समासात प्रयोगाची तारीख. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तालमीत त्या जागा घटवून घेता याव्यात म्हणून विसाव्या वर्षी सुरू केलं आणि पुढे सवय लागली. वर्षाला एक वही, अशा एकतीस वह्या झाल्या, मग गुडघ्याने दगा दिला.

जीवशास्त्राच्या बाईंनी पहिली वही उघडली आणि उभ्या उभ्याच वाचत राहिल्या.

"हे तुम्ही प्रत्येक प्रयोगाला करत होता?"

"हो."

"प्रत्येक म्हणजे अगदी प्रत्येक?"

"मी आजारी पडत नाही," मी म्हटलं.

त्यांनी सरांकडे पाहिलं. सरांचा चेहरा गुप्तधन सापडल्यासारखा झाला होता. मी चहा टाकायला आत गेले, कारण माझा चेहरा मला त्यांना दाखवायचा नव्हता. एकतीसपैकी शेवटच्या सात वह्या कुचकामाच्या होत्या, आणि हे जगात मला एकटीला ठाऊक होतं. दादालाही ठाऊक होतं खरं तर, पण दादाला आता स्वतःचं नाव ठाऊक नाही.

मग दिल्या कशाला? मुंगीने मागितल्या म्हणून दिल्या. मुंगी ही दादाची एकुलती एक मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि चालायला लागल्यापासून एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही, म्हणून मुंगी. आता एकतीस वर्षांची आहे, सुतारकाम करते, कपाटं आणि टेबलं बनवते, आणि तिच्या केसांत कायम लाकडाचा भुसा असतो. तिला आणि जावयांना मूल हवं होतं. पण इस्पितळातल्या त्या डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की वडिलांचा आजार नेमका कधी सुरू झाला ते कळलं तर बरं. पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल, तर तो रक्तातून आलेला असण्याची शक्यता धरायला हवी. मग आधी तिने तपासणी करून घ्यावी आणि मग मुलाचा विचार करावा. पन्नाशी उलटल्यावर झाला असेल, तर एवढी काळजी नको. आमचे वडील बेचाळिसाव्या वर्षी अपघातात गेले, त्यामुळे त्यांचं डोकं पुढे कसं वागलं असतं हे सांगायला कुणी नाही.

"तपासणीची मला भीती वाटते ग आत्या," मुंगी मला म्हणाली होती. "एकदा कळलं की परत न कळल्यासारखं करता येत नाही. तुझ्या वह्यांतून सुटका झाली तर बघू."

तिला मी नाही कसं म्हणणार होते? आणि हो म्हणताना तिथल्या तिथे खरं का सांगितलं नाही, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. घाबरले, दुसरं काय.

आता त्या सात वह्यांबद्दल.

दादा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. नाटकात त्याची न्यायाधीशाची भूमिका होती, शंभरावर प्रयोग झाले होते. लोकांना वाटतं नट लांबलचक भाषणं विसरतात. अजिबात नाही. तीन पानांचं स्वगत झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवतील. विसरतात ते 'हो का', 'कोण आहे', 'या ना'. त्या दिवशी दुपारचा प्रयोग होता. म्हातारा साक्षीदार आत येतो आणि न्यायाधीश त्याला म्हणतो, "बसा." बस, एवढंच.

दादा म्हाताऱ्याकडे बघत राहिला. मी शब्द दिला. त्याने ऐकला, मला दिसलं ते, पण तो बोलेना. मी पुन्हा दिला. मग त्याने हाताने खुर्ची दाखवली, म्हातारा बसला आणि खेळ पुढे गेला. प्रेक्षकांना वाटलं काय अभिनय आहे! टाळ्या पडल्या. मी पेन्सिल घेतली, समासात तारीख घातली, पण रेघ ओढायला हात होईना. शब्द दिल्यावरही नट अडला, याला माझ्याकडे खूणच नव्हती.

प्रयोग संपल्यावर तो रंगपटात आरशासमोर बसला होता. बाकीचे निघून गेले होते. तो आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला, "घुशे, लिहिलंस का?"

"तारीख घातलीय. लिहिते."

"नको लिहूस."

मी हसले. मला वाटलं त्याची फुशारकी. तो नाही हसला.

"शब्द विसरलो असं नाही ग. खुर्ची दिसत होती, माणूस दिसत होता. तू म्हणालीस तेही ऐकू आलं. पण त्याचं काय करायचं असतं तेच कळेना." मग चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाला, "गेल्या महिन्यात तालमीतही झालं होतं. तुझं लक्ष नव्हतं."

माझं लक्ष होतं. मला वाटलं होतं दमलाय.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"दाखवतो. तोवर तू एक कर. मी अडायची वाट बघत बसू नकोस. जरा आधीच देत जा. मी अडलोच नाही तर तुला लिहावं लागणार नाही, आणि कंपनीने वही मागितली तरी तिला त्यात काही सापडणार नाही. आणि हे बघ, घरात ब्र काढायचा नाही. मुंगीजवळ तर नाहीच नाही."

मी कबूल केलं. डॉक्टरकडे जा म्हणून मी नंतर तीनदा सांगितलं; तिसऱ्यांदा तो एवढा संतापला की मी कानाला खडा लावला.

मग सात वर्षं मी त्याचं प्रत्येक वाक्य त्याच्या अर्धा श्वास आधी बोलले. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. नट श्वास घेतो तेव्हा शब्द त्याच्या कानात पोचलेला हवा. लवकर दिला तर त्याचा गोंधळ उडतो, उशिरा दिला तर तो अडलेला दिसतो. त्याच्या मागे कुठली बाई उभी आहे, तिचं वाक्य किती लांब आहे, आज त्याला सर्दी झालीय का, सगळं डोळ्यांत तेल घालून बघावं लागे. प्रयोग संपला की माझा जबडा दुखायचा. दादाच्या बायकोची भूमिका करणारी नटी एकदा मला म्हणालीच, "तुझं तोंड हल्ली सारखं हलतं ग. काही खातेस की काय?" मी म्हटलं, "तुझं डोकं."

खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. त्या सात वर्षांत वर्तमानपत्रांनी लिहिलं की दादाचा अभिनय पूर्वी कधी नव्हता इतका मुरलाय, त्याच्या बोलण्याला एक वेगळाच ठहराव आलाय. तो ठहराव माझा होता. मी ती कात्रणं कापून ठेवली. आणि वहीत एक रेघ नाही, एक कंस नाही. मी खोटं काही लिहिलं नाही. लिहिण्याजोगं काही होऊच दिलं नाही. चार-दोन रेघा उगीच मारून ठेवाव्यात एवढी अक्कलही मला सुचली नाही, कारण खोटी रेघ मारणं माझ्या कामात बसत नव्हतं.

पुढे माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि विंगेत दुसरी बाई बसली. चांगली होती बिचारी, नियमाने काम करणारी. नट अडेपर्यंत थांबायची. पहिल्याच प्रयोगाला तिच्या वहीत त्रेचाळीस रेघा पडल्या. दादा तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. वर्षभरात त्याने रंगमंच सोडला, आणि मग घरादाराला कळलं की आजार आहे.

वह्या नेल्यानंतर चार महिन्यांनी विद्यापीठाने आम्हाला बोलावलं. वहिनीला दादाला एकटं सोडून येता येईना, जावयांना सुट्टी मिळेना, म्हणून मुंगी आणि मी दोघीच गेलो. छोटीशी खोली, लांब टेबल, भिंतीवर पडदा. पडद्यावर दादाच्या आयुष्याची एक रेघ होती, कुठल्या वर्षी किती वेळा अडला त्याची. तरुणपणी थोडी वरखाली, मग सात वर्षं अगदी सपाट, आणि पंचावन्नला, कंपनीकडून मिळवलेली त्या दुसऱ्या बाईची वही सुरू होताच, एकदम कड्यासारखी उभी.

"असं आम्ही दुसऱ्या कुणातही पाहिलं नाही," नाट्यविभागाचे सर म्हणाले. "आजार दिसायच्या आधी त्यांची स्मरणशक्ती सर्वांत उत्तम होती. नुसती चांगली नाही, निर्दोष!"

मुंगीने टेबलाखाली माझा हात धरला.

"म्हणजे पंचावन्न?" तिने डॉक्टरबाईंना विचारलं.

"या नोंदींवरून तरी तसंच दिसतंय."

जीवशास्त्राच्या बाई मात्र पडद्याकडे बघत चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाई, तिशीतसुद्धा त्यांना वर्षाला आठ-दहा रेघा पडत होत्या. मग सात वर्षांत एकही नाही? त्या काळात तुम्ही खुणा करत होता ना?"

मुंगी माझ्याकडे बघत होती. इतका मोकळा चेहरा मी तिचा लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"करत होते," मी म्हटलं.

बाहेर पडल्यावर आम्ही त्यांच्या कॅन्टीनमध्ये बसलो. पोरं जेवत होती, भांडी आदळत होती, आमच्या शेजारच्या टेबलावर एक विद्यार्थिनी वर्गासाठी वाळवलेली झाडांची पानं कागदात गुंडाळत होती. मुंगी चहाचे दोन कप घेऊन आली आणि बसल्या बसल्या रडायला लागली. रडत रडत हसत होती.

"पाळणा मीच करणार," ती म्हणाली. "लाकूडसुद्धा बघून ठेवलंय. सांगितलं नव्हतं कुणाला. आधी म्हणायचं धाडस होत नव्हतं."

मी कप खाली ठेवला. आयुष्यभर मी दुसऱ्याचे शब्द त्याच्या तोंडात घातले, आणि माझे स्वतःचे पाच शब्द मला सापडेनात.

"मुंगे, त्या वह्या खऱ्या नाहीत."

ती नाक पुसत होती, ती थांबली.

मग मी सांगितलं. न्यायाधीश, खुर्ची, रंगपट, आरसा, अर्धा श्वास, सगळं. सांगून झाल्यावर ती कपाकडे बघत म्हणाली, "अठ्ठेचाळीस."

"हो."

"पन्नाशीच्या आत."

"हो ग."

मला वाटलं आता ती तपासणीचं काहीतरी बोलेल, किंवा रडेल, किंवा मला शिव्या देईल. मी सगळ्याला तयार होते. पण ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"म्हणजे मी वीस वर्षांची होते तेव्हा बाबा आजारी होता."

मी मान हलवली.

"त्या रविवारी आजारी होता."

त्या रविवारी काय झालं ते सांगायला हवं. आमच्या आठवड्याच्या जेवणाला सगळे टेबलाभोवती होतो. मुंगीला दूरच्या एका शहरात सुतारकाम शिकायला जायचं होतं, जागाही मिळाली होती. तिने वहिनीला सांगितलं, "बाबा हो म्हणालाय." दादाने ताटातून मान वर केली. "मी? मी कधी म्हणालो?" ती म्हणाली, "मागच्या आठवड्यात. आपण फिरायला गेलो होतो तेव्हा." दादा लाल झाला. त्याने टेबलावर हात आपटला. मी असं काही म्हणालेलो नाही, तू खोटं बोलतेस, तोंडावर खोटं बोलतेस, नटाच्या घरात राहून नाटकं शिकलीस, असं कायकाय बोलला. मुंगी पांढरी पडली. तिने माझ्याकडे पाहिलं. "आत्या, तू होतीस ना आमच्याबरोबर? सांग ना."

मी होते. पुलावरून आम्ही तिघं चाललो होतो आणि दादा काय म्हणाला ते मी ऐकलं होतं. आणि दादानेही माझ्याकडे पाहिलं, विंगेकडे बघतो तसंच.

"मला नाही आठवत," मी म्हटलं.

पंचवीस वर्षांची नाटकं तोंडपाठ असलेली बाई म्हणाली, मला नाही आठवत. मुंगीने हात धुतला, आठवड्याभरात सामान बांधलं आणि गेली. चार वर्षं ती दादाशी बोलली नाही. मग परत आली, तेव्हा तो तिच्याशी इतका गोड वागला की तिला वाटलं त्याला पश्चात्ताप झालाय. त्याला भांडणच आठवत नव्हतं.

कॅन्टीनमध्ये मुंगीने कप बाजूला सरकवला.

"तुला आठवत होतं," ती म्हणाली.

"हो."

"काय म्हणाला होता तो?"

"आता कशाला ग ते…"

"शब्द न् शब्द सांग. तुला येतं ना? म्हण."

आजूबाजूला एवढी गर्दी, आणि मी एका कपाकडे बघत माझ्या भावाचं वाक्य म्हणायला लागले. आपोआप आवाज खाली गेला, विंगेतला झाला.

"जा, मुंगे. खरं लाकूड शिक. माझं सगळं आयुष्य पुठ्ठ्याच्या खुर्च्यांवर गेलं. तुझी आई कुरकुर करेल, तिला मी बघून घेतो. आणि तुला पोचवायला मी येणार, तुझं बोचकं मीच उचलणार. मग तिथल्या लोकांना सांग, हा आमचा हमाल."

मुंगी डोळे मिटून ऐकत होती. 'हमाल'ला तिच्या ओठांचा कोपरा हलला. त्या दिवशी पुलावर ती त्याच शब्दाला हसली होती.

"मी चार वर्षं रोज ते आठवायचा प्रयत्न करायचे," ती म्हणाली. "शेवटी मला वाटायला लागलं की खरंच मीच मनाने रचलं असेल. तू नाही म्हणालीस ना. तू कधी चुकत नाहीस." "त्याच्याजवळ शुद्धीची जेवढी वर्षं होती ना आत्या, त्यातली चार माझी होती."

मी हात पुढे केला. तिने घेतला नाही. ती उठली आणि म्हणाली, "घरी जाऊ. मला त्याला भेटायचंय."

दादा खिडकीशी बसला होता. वहिनीने नुकतीच त्याची दाढी केली होती. कानाजवळ फेस राहिला होता. तो हातरुमालाची घडी घालत होता आणि मोडत होता. वहिनीने आमचे चेहरे पाहिले आणि विचारलं, "काय झालं वन्सं? काय म्हणाले ते लोक?" तिला मी संध्याकाळी सांगितलं. तिने माझ्याशी आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाली, "मी सात वर्षं त्याला हट्टी म्हणत होते. चाव्या लपवतो म्हणून भांडत होते." आणि भाजी चिरायला घेतली.

मुंगी दादासमोर जमिनीवर बसली. त्याच्या कानाजवळचा फेस तिने बोटाने पुसला.

"बाबा," ती म्हणाली, "तू म्हणाला होतास जा म्हणून. मी खोटं बोलत नव्हते."

दादाने तिच्याकडे पाहिलं, परक्या माणसाकडे बघावं तसं, अदबीने.

"आणि तूपण खोटं बोलत नव्हतास. मला माहीत नव्हतं रे. मला कुणी सांगितलंच नाही."

त्याला काहीतरी म्हणायचं असावं. त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. मी दारात उभी होते. सवयीने माझेही ओठ हलले असावेत, कारण मुंगीने मागे वळून पाहिलं.

"आत्या, तू बाहेर थांब," ती म्हणाली.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. अडीच तास मी तिथे उभी होते, गुडघा सुजून आला. मला तेवढी शिक्षा कमीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी जीवशास्त्राच्या बाईंना पत्र लिहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी फोन करून बराच वेळ विचारपूस केली, अर्धा श्वास म्हणजे नेमकं काय, ते मी कसं मोजायची, पहिल्या वर्षापेक्षा शेवटच्या वर्षी जास्त लवकर शब्द द्यावा लागे का. मग म्हणाल्या, "बाई, आमच्या कामात एक गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. आजारी माणसाच्या शेजारी कुणीतरी असतं." माझ्या सात वह्या त्यांनी अभ्यासातून काढून टाकल्या आणि परत पाठवल्या. मी त्या उघडल्या नाहीत.

मुंगीने तपासणी करून घेतली. निकाल येऊन आता सहा आठवडे झाले. जावयांना माहीत आहे, वहिनीला माहीत आहे. मी वहिनीच्या चेहऱ्यावरून ओळखू बघते, पण ती माझ्याकडे मुद्दाम पाठ करून उभी राहते. ज्यांच्या रक्तात असतं त्यांच्यात मीही धरली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरबाईंनी मलाही तपासणीचं विचारलं. मी म्हटलं, माझं मला कळून काय करायचंय? छप्पन्न वर्षांची आहे. मला फक्त मुंगीचं कळायला हवं होतं.

शेवटी काल मी तिच्या कारखान्यात गेले. ती एका फळीवर वाकून काम करत होती. पाळण्याची आहे का, हे फळीवरून कळत नाही. फळी ती फळी. मी स्टुलावर बसले. जमिनीवरचा भुसा पायाने गोळा करत राहिले. मग माझ्याने राहवेना.

"मुंगे, काय आलं ग?"

तिने काम थांबवलं नाही. "तुला सांगणार नाही मी."

"माझ्यावरचा राग—"

"राग आहेच. पण म्हणून नाही." तिने फळीवरचा भुसा फुंकला. "तुला कळलं ना आत्या, की तू माझ्यावर डोळा ठेवशील. काही वाईट आलं असेल तर मी अडायच्या आधीच मला शब्द देशील. आणि चांगलं आलं असेल तरी देशीलच, तुझा विश्वास बसायचा नाही. मला अडायचं असेल तर अडू दे. माझ्या माणसांना दिसू दे. निदान त्यांना भांडण करायच्या आधी कळेल."

मी बरं म्हटलं.

तिने फळी उलटी केली, कडेवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"तो जरा…" ती म्हणाली आणि थांबली.

मागच्या टेबलावर तीन हत्यारं होती. करवत, पटाशी आणि रंधा. फळीची कड खडबडीत होती, तिला काय हवंय ते लहान मूलही सांगेल. शब्द माझ्या ओठांवर आला. मी जीभ दातांखाली धरली. ती फळीकडे बघत होती. कड तपासत असेल, कामात माणूस थांबतोच. एक श्वास गेला. दुसरा गेला. एकतीस वर्षांत मी कुणालाही इतका वेळ अडू दिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही, तिला हालचाल दिसेल म्हणून.

"रंधा," ती म्हणाली. "रंधा दे."

मी दिला.